भाड्याने देण्यासाठी पहिले घर

१. भाड्यातून हप्ता फिटेल का?

भाड्याने देण्यासाठी पहिले घर घेणारा माणूस बँकेची पायरी चढण्याआधी एकच प्रश्न विचारतो: येणाऱ्या भाड्यातून कर्जाचा हप्ता फिटेल का? जळगाव आणि धुळे या दोन शहरांत या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच येते. हे उत्तर आधी नीट समजून घेतले, तर कर्ज किती काढायचे, घर केवढे घ्यायचे आणि कोणत्या भागात घ्यायचे हे ठरवणे सोपे जाते. न समजता घर घेतले, तर दर महिन्याला पगारातून भर घालावी लागते आणि दोन-तीन वर्षांत तेच घर मिळेल त्या भावाला विकायला निघते.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. त्यातले आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत, ते कोणत्याही एका वस्तीचा भाव सांगत नाहीत. फ्लॅटची किंमत २४ लाख रुपये आणि भाडे महिना ७,००० रुपये. वर्षाचे भाडे ८४,००० रुपये होते, म्हणजे किमतीच्या साडेतीन टक्के. भारतातल्या बहुतेक शहरांत घरभाडे किमतीच्या दोन ते चार टक्क्यांच्या आसपास असते आणि खान्देशातली शहरे त्याला अपवाद नाहीत. गृहकर्जाचा दर मात्र साडेआठ टक्के धरू. साडेआठ टक्क्यांनी आणलेला पैसा साडेतीन टक्के मिळवून देत असेल, तर मधली तूट मालकाच्या खिशातूनच भरून निघणार.

२. हाती काय राहते

साडेतीन टक्के हासुद्धा खरा आकडा नाही. कापसाचा हिशेब सांगताना जाणता शेतकरी क्विंटलला मिळालेल्या भावावर थांबत नाही. बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी वजा करून हाती काय राहिले ते सांगतो. भाड्याचा हिशेबही तसाच करायला हवा.

आधी खरेदीचा खर्च पाहू. जळगाव आणि धुळे महापालिकांच्या हद्दीत मुद्रांक शुल्क आणि स्थानिक कर मिळून सुमारे ६ टक्के भरावे लागतात. २४ लाखांवर ते १ लाख ४४ हजार होतात. नोंदणी शुल्क १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. इथे ते २४,००० रुपये येईल. वकील, बँकेचे शुल्क, वीजमीटर नावावर करणे आणि रंगरंगोटी यांसाठी ५०,००० रुपये धरले, तर घर प्रत्यक्षात २६ लाख १८ हजारांना पडते. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर आकारले जाते. त्यामुळे घर स्वस्तात मिळाले म्हणून शुल्कही कमी लागेल असे नाही. निवासी घर केवळ स्त्रियांच्या नावावर होत असेल, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. या उदाहरणात ती २४,००० रुपयांची आहे. पत्नी किंवा आई यांच्या नावावर घर घेण्याचा विचार कुटुंबात आधीपासून असेल, तर ती जरूर घ्यावी. पण एवढ्यासाठी नाव बदलले, तर कर्ज आणि प्राप्तिकर या दोन्हींचा हिशेबही बदलतो हे ध्यानात असू द्यावे. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर घेतले तर जीएसटीही लागतो: ४५ लाखांपर्यंतच्या आणि क्षेत्रफळाच्या मर्यादेत बसणाऱ्या घराला १ टक्का, इतर घरांना ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीतल्या घरावर तो लागत नाही.

आता दरवर्षीचा खर्च. एक भाडेकरू गेला की दुसरा येईपर्यंत महिनाभर घर रिकामे राहते, म्हणजे ७,००० रुपये गेले. मालमत्ता कर ४,०००, इमारतीचा देखभाल खर्च ६,००० आणि नळ, वायरिंग, टाकी, रंग अशी किरकोळ दुरुस्ती ५,००० धरली, तर ८४,००० मधून २२,००० वजा होतात. उरले ६२,०००. घरासाठी लागलेल्या २६ लाख १८ हजारांवर हे उत्पन्न सव्वादोन टक्क्यांच्या थोडेसे वर जाते. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त व्याज देते. म्हणून केवळ महिन्याच्या भाड्यासाठी घर घेणे हा पैशाचा कमजोर उपयोग आहे. घर घेण्याची खरी कारणे दोन: वर्षागणिक भाडे वाढत जाणे आणि पंधरा-वीस वर्षांत जागेची किंमत वाढणे. जळगाव जिल्ह्यात अनेकांच्या ठेवी पतसंस्थांत अडकून पडल्या. त्या अनुभवानंतर डोळ्यांसमोर उभी असलेली भिंत लोकांना अधिक भरवशाची वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. तरीही भरवसा ही एक गोष्ट आणि उत्पन्न ही दुसरी. दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडावा.

३. स्वतःचे पैसे आणि बँकेचे पैसे

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च एरवी या किमतीत धरला जात नाही. तो स्वतःलाच उभा करावा लागतो. २४ लाखांच्या फ्लॅटला पूर्ण ९० टक्के, म्हणजे २१ लाख ६० हजारांचे कर्ज मिळाले, तर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे १८,७५० रुपये होतो. खर्च वजा जाता भाड्याचे महिन्याला ५,१६७ रुपये हाती राहतात. म्हणजे साडेतेरा हजारांहून अधिक रक्कम दर महिन्याला पगारातून घालावी लागेल, तीही वर्षानुवर्षे.

उलट बाजूने पाहिले तर ५,१६७ रुपयांत वीस वर्षांचे केवढे कर्ज फिटते? जेमतेम ६ लाखांचे. म्हणजे भाड्यानेच हप्ता फेडायचा असेल, तर २६ लाखांच्या घराला २० लाख रुपये पदरचे हवेत. या दोन टोकांच्या मध्ये व्यवहार्य जागा शोधावी लागते. पहिल्या घरासाठी किमतीच्या निम्म्याहून अधिक कर्ज न काढणे बरे. १२ लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे १०,४०० रुपये होतो आणि पगारातून सव्वापाच हजार घालावे लागतात. कायम नोकरीतल्या माणसाला हे झेपते. निम्मी रक्कम जवळ नसेल, तर कर्ज वाढवण्याऐवजी घर लहान करावे. दोन खोल्यांचे जुने पण मजबूत घर भाड्याच्या मानाने मोठ्या नव्या फ्लॅटपेक्षा पुष्कळदा चांगले उत्पन्न देते, कारण घराची किंमत दुप्पट झाली म्हणून भाडे दुप्पट होत नाही.

व्याजाचा दर वीस वर्षे एकसारखा राहत नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली असतात. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो दर. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात तो ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, आणि ज्यांनी हप्ता अगदी ताणून घेतला होता त्यांची कर्जाची मुदत काही वर्षांनी लांबली. २०२५ मध्ये तो पुन्हा खाली आला. अशा चढउतारांसाठी आणि घर रिकामे राहण्याच्या काळासाठी सहा हप्त्यांएवढी रक्कम वेगळी ठेवावी. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाची मुदतीआधी परतफेड केली तर बँक दंड घेऊ शकत नाही. बोनस, वेतन आयोगाची थकबाकी किंवा केळीचा चांगला हंगाम यांतून आलेला पैसा थेट मुद्दलात भरला, तर वीस वर्षांचे कर्ज बारा-तेरा वर्षांतही संपू शकते.

शेतकऱ्याची अडचण वेगळी असते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे अनेकांकडे प्राप्तिकराची विवरणपत्रे नसतात, आणि बँक गृहकर्ज देताना सहसा तीच मागते. कर्ज घेण्याचा बेत असेल, तर दोन-तीन वर्षे आधीपासून विवरणपत्र भरणे आणि कापूस, केळी, हरभरा यांच्या विक्रीचे पैसे बँक खात्यातून घेणे हा सरळ मार्ग आहे. जळगावच्या सराफ बाजाराचे नाव महाराष्ट्रभर आहे आणि खान्देशात घरोघरी थोडेफार सोने असते. पण सोनेतारण कर्ज थोड्या मुदतीचे असते. खरेदीखताच्या वेळी कमी पडलेली रक्कम भरायला ते चालते, घराचा मुख्य पैसा त्यातून उभा करू नये. मेहुण्याकडून किंवा चुलत भावाकडून हातउसने पैसे घेतले, तर ते बँकेतूनच यावेत आणि त्यांचा साधा लेखी कागद असावा. पुढे घराच्या हिश्श्यावर वाद उभा राहिला, तर तोच कागद उपयोगी पडतो.

४. प्लॉट, गाळा की घर

खान्देशात पैसा हाती आला की गावाबाहेर बिनशेती प्लॉट घेण्याची जुनी सवय आहे. प्लॉटची किंमत वाढतेही, पण रिकामा प्लॉट एक रुपया भाडे देत नाही आणि त्यावरच्या कर्जाचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. उत्पन्न हवे असेल तर प्लॉट बाजूला ठेवावा.

दुकानाच्या गाळ्याला घरापेक्षा भाडे चांगले मिळते, पण एकदा रिकामा झाला तर तो वर्षभरही तसाच पडून राहू शकतो. शिवाय गाळ्याची मालकी कोणाची हे पाहणे फार महत्त्वाचे. जळगाव महापालिकेच्या अनेक व्यापारी संकुलांतील गाळ्यांच्या कराराची मुदत २०१२ मध्ये संपली. त्यानंतर नूतनीकरण, भाड्याचा दर आणि थकबाकी यांवरून पालिका आणि गाळेधारक यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. अशा ठिकाणी पगडी देऊन घेतलेला हक्क ही मालकी नव्हे. पहिल्या गुंतवणुकीसाठी निवासी घरच बरे.

५. भाडेकरू कोण, हे आधी ठरवावे

जागा निवडताना बहुतेक लोक स्वतःला कुठे राहायला आवडेल याचा विचार करतात. भाड्याच्या घराला हा निकष लागू पडत नाही. भाडेकरू कुठे कामाला किंवा शिकायला जातो आणि तो पगारावर जगतो की घरून येणाऱ्या पैशांवर, यावरून जागा ठरते.

२०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार आणि धुळ्याची सुमारे पावणेचार लाख होती. एवढ्या शहरात शिक्षण, आरोग्य, कारखाने आणि सरकारी कचेऱ्या हेच भाडेकरू आणणारे चार मोठे स्रोत असतात.

जळगावात या स्रोतांच्या दिशा स्पष्ट दिसतात. पश्चिमेला गिरणा नदी ओलांडली की बांभोरीजवळ १९९० मध्ये स्थापन झालेले, आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव असलेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. खोटेनगर, पिंप्राळा, निमखेडी या बाजूला विद्यार्थी आणि प्राध्यापक यांची मागणी त्यातूनच येते. शहरात जिल्हापेठेतले मूळजी जेठा महाविद्यालय आणि आसपासचे शिकवणी वर्ग यांमुळे चोपडा, यावल, रावेरकडून येणारी मुले-मुली जवळपासच्या खोल्या शोधतात. महाबळ, रामानंदनगर, रिंग रोड इथे बदलीवर आलेले बँक अधिकारी, डॉक्टर आणि सरकारी नोकर राहतात. भाडे वेळेवर येते, पण घरांच्या किमतीही जास्त आहेत, त्यामुळे टक्केवारी घसरते. पूर्वेला एमआयडीसीच्या बाजूला अयोध्यानगर, सुप्रीम कॉलनी, कुसुंबा इथे दालमिल, प्लास्टिक पाइप आणि चटईच्या कारखान्यांतले कामगार भाड्याने राहतात. भाडे कमी, पण घराची किंमतही कमी. पहिल्या घराचा हिशेब अशा भागात पुष्कळदा अधिक चांगला जुळतो. प्रतिष्ठेची वस्ती म्हणजे भाड्यासाठीही चांगली वस्ती, ही समजूत इथे खोटी ठरते.

विद्यार्थ्यांचा हिशेब स्वतंत्रपणे करावा. तोच ७,००० रुपये भाड्याचा फ्लॅट चार विद्यार्थ्यांना प्रत्येकी २,५०० रुपयांनी दिला, तर महिन्याला १०,००० येतात. परीक्षा संपली की मुले गावी जातात, म्हणून वर्षाचे दहाच महिने धरावेत. एक लाख रुपये झाले, कुटुंबाला दिले असते तर एक महिना रिकामा धरून ७७,००० मिळाले असते. वरचे २३,००० मात्र पूर्ण फायदा नव्हेत. पंखे, खाटा, दरवर्षी रंग, पाण्याचा वाढलेला वापर आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी हे सगळे त्यातूनच भागवावे लागते. मालक त्याच शहरात राहत असेल तरच हा मार्ग धरावा.

धुळ्याची रचना निराळी. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी खान्देशाचे मुख्य ठाणे इथे केले. जुन्या शहराच्या सरळ, क्रमांक दिलेल्या गल्ल्या आजही व्यापाराचे केंद्र आहेत. तिथे घरे जुनी, वाटण्या न झालेली आणि पार्किंगला जागा नसलेली. बाहेरून येणाऱ्या पहिल्या खरेदीदाराने तिथे हात न घालणे बरे. पांझरा नदीच्या उत्तरेला देवपूर हे शिक्षणाचे उपनगर आहे. एसएसव्हीपीएस आणि जयहिंद या संस्थांची महाविद्यालये तिथेच आहेत, त्यामुळे वाडीभोकर रोड, नकाणे रोड या बाजूला विद्यार्थी आणि नोकरदार दोन्ही मिळतात. साक्री, शिरपूर, दोंडाईचाकडची कुटुंबे मुलांच्या शिक्षणासाठी इथे बिऱ्हाड करतात आणि मूल दहावी-बारावी होईपर्यंत सहसा घर सोडत नाहीत. मालकाला याहून चांगला भाडेकरू क्वचितच मिळतो. २०१८ च्या हद्दवाढीत वलवाडी, अवधान, महिंदळे यांसारखी गावे महापालिकेत आली. तिथे कर आणि शुल्क शहराचे लागू झाले, पण शहरासारखे रस्ते आणि गटारे सगळीकडे पोचली का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

संस्था जागा बदलतात, ही गोष्ट या दोन्ही शहरांनी पाहिली आहे. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय साक्री रोडवरून चक्करबर्डीला गेले. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये जिल्हा रुग्णालयाच्या आवारात सुरू झाले आणि त्याच्या मोठ्या संकुलासाठी चिंचोलीची जागा ठरली. केवळ एका संस्थेच्या भरवशावर घर घेतले, तर संस्था हलली की भाडेकरूही हलतो. चालत किंवा दुचाकीने दहा-पंधरा मिनिटांत किमान दोन वेगवेगळे स्रोत सापडतील अशी जागा शोधावी.

येणाऱ्या प्रकल्पांबाबतही असेच. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूर-धुळे हे महामार्ग धुळ्यात मिळतात, पण रेल्वेची चाळीसगाव-धुळे ही एकच शाखा आहे. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि तो धुळ्यावरून जाणार आहे. शहरासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण गाडी धावेपर्यंत भाडे आजच्या धुळ्याचेच मिळणार. उद्याच्या स्टेशनची किंमत आज मोजू नये.

भुसावळबद्दल एक सावधगिरी. रेल्वे, आयुध निर्माणी आणि दीपनगरचे वीज केंद्र यांमुळे तिथे पगारदार खूप आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच जणांना सरकारी क्वार्टर मिळतात. नोकऱ्या मोजून भाडेकरू मोजता येत नाहीत.

६. पाणी, ऊन आणि काळी माती

वस्ती ठरली की घर पाहायला एप्रिल-मे महिन्यात जावे. जळगावला वाघूर धरणातून आणि धुळ्याला तापी योजना आणि इतर स्रोतांतून पाणी येते, पण नळाला ते रोज येत नाही. कोणत्या गल्लीत किती दिवसांनी येते आणि दाब किती असतो, हे शेजारच्या बाईंना विचारावे. मध्यस्थाला विचारून उपयोग नाही. जमिनीखालची टाकी आणि उन्हाळ्यात न आटणारी बोअर असलेली इमारत थोडी महाग पडली तरी घ्यावी. पारा ४५ अंशांवर जातो अशा शहरांत वरच्या मजल्याचे घर स्वस्त मिळते आणि भाडेकरू मार्चनंतर ते सोडून जातो.

तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल, तर भिंतींना तिरपे तडे जातात. ताज्या रंगाखाली ते झाकले जातात, म्हणून जिन्याखालची आणि कुंपणाची भिंत आधी पाहावी. नदी-नाल्याकाठची पूररेषाही महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्यावी.

७. कागद

प्लॉटवरचे घर असेल तर बिनशेती आदेश, मंजूर लेआउट, सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा आणि त्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा पाहावा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. नव्या इमारतीत घर घेताना प्रकल्पाची महारेरा नोंदणी तपासावी. भूखंड ५०० चौरस मीटरहून मोठा आणि घरे आठहून अधिक असतील तर ती बंधनकारक आहे. मागच्या ३० वर्षांचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून घ्यावा, बिल्डरच्या वकिलाकडून नव्हे.

८. कर आणि करार

भाड्याच्या उत्पन्नावरचा प्राप्तिकर सौम्य आहे. वरच्या उदाहरणात, घर वर्षभर भरलेले असेल, तर ८४,००० मधून ४,००० मालमत्ता कर वजा केला की ८०,००० उरतात. त्यातले ३० टक्के, म्हणजे २४,००० दुरुस्तीपोटी सरसकट वजा होतात, खर्च झालेला असो वा नसो. उरलेल्या ५६,००० मधून कर्जाचे व्याज वजा करता येते. व्याज त्याहून जास्त असेल, तर जुन्या करपद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा होतो, नव्या पद्धतीत होत नाही. नवी पद्धत निवडलेल्याने ‘कर वाचेल’ या आशेवर कर्ज वाढवू नये.

ओळखीचा भाडेकरू आहे म्हणून तोंडी व्यवहार करणे ही खान्देशातली नेहमीची चूक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यानुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. खर्च किरकोळ आहे. अकरा महिन्यांचे भाडे ७७,००० रुपये आणि अनामत २०,००० असेल, तर पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क २०० रुपयांच्या आसपास येते आणि शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये. नोंदणी ऑनलाइन होते. ती केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या मानल्या जातात.